गुडघा कसा चालतो: सांधा, स्नायू आणि मज्जातंतूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपीच्या ओपीडीत येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक्स-रेचं पाकीट असतं आणि तोंडी एकच वाक्य: ‘गुडघे गेलेत.’ हाडं गुडघ्याला आकार देतात, पण त्याला चालवतात स्नायू, आणि स्नायूंना चालवतात मज्जातंतू. या तिघांपैकी एक्स-रेत दिसतं फक्त हाड. त्यामुळे घरचे सगळे हाडाची काळजी करत बसतात आणि मांडीचा स्नायू डोळ्यांदेखत वाळत जातो. पेशंट, त्यांच्या घरचे आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

गुडघ्यात किती हाडं असतात?

तीन. वरून मांडीचं हाड, खालून नडगीचं हाड आणि पुढे वाटी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड असतं, फिब्युला, ते या सांध्यात येत नाही. त्याच्या वरच्या टोकाला वळसा घालून मात्र एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

गुडघा फक्त वाकतो आणि सरळ होतो, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात उभं राहताना, सरळ होण्याच्या शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड नडगीवर किंचित आतल्या बाजूला वळतं आणि सांधा कुलूपबंद होतो. बसच्या रांगेत आपण बराच वेळ उभे राहू शकतो ते यामुळे. करून बघा: सैलसर उभे राहा आणि वाटी दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा, सहज हलेल. म्हणजे मांडीचा स्नायू त्या वेळी जवळजवळ विश्रांती घेत असतो. आता गुडघा जरासा वाकवा; वाटी लगेच घट्ट होते. हे कुलूप उघडायचं काम गुडघ्याच्या मागे दडलेला पॉप्लिटियस नावाचा छोटासा स्नायू करतो.

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ असं सांगितलं. हे खरं असतं का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने माणसं विनाकारण हालचाल बंद करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

निरोगी गुडघ्यात हे वंगण मुळातच फार थोडं असतं, जेमतेम तीन-चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही इतकं. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर ते तयार करतं. त्यात हायलुरोनिक आम्ल असतं, म्हणून ते चिकट असतं. दोन बोटांत धरून ताणलं तर तार सुटते. झिजेच्या संधिवातात हे द्रव संपत नाही. उलट अस्तराला सूज आली की ते वाढतं, आणि ‘गुडघ्यात पाणी झालं’ असं आपण म्हणतो ते हेच. वाढलेलं द्रव पातळ असतं, त्याची तार तशी येत नाही.

झीज होते ती कूर्चेची. मटणाच्या दुकानात सांधा उघडला की हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओला, चकाकणारा थर दिसतो, तीच कूर्चा. त्यावर बोट ठेवलं तर घसरतं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिला अन्न मिळतं ते त्या तीन-चार मिलिलिटर द्रवातून: वजन पडलं की कूर्चा दाबली जाते, सुटलं की द्रव आत शोषून घेते. चालण्याने कूर्चेचं पोषण होतं. महिनोन्महिने पलंगावर बसून गुडघा ‘वाचवणारा’ माणूस तिला उपाशी ठेवत असतो.

वंगणाच्या इंजेक्शनांबद्दलही विचारतात. त्यांतही हायलुरोनिक आम्लच असतं. काहींना काही काळ बरं वाटतं, पण झिजलेली कूर्चा त्याने परत उगवत नाही. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सरसकट वापरू नयेत अशी शिफारस केलेली आहे. पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की माझ्या बाबतीत यातून नेमकं काय साधेल.

एक्स-रेत ‘गॅप कमी झाली’ म्हणजे काय?

कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती प्रत्यक्षात कूर्चा आणि गादीने (मेनिस्कस, हाडांमधली चिवट चकती) भरलेली असते. कूर्चा पातळ झाली की हाडं जवळ आलेली दिसतात. हा एक्स-रे उभं राहून काढलेला असावा. झोपून काढला तर गॅप खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते.

आता महत्त्वाची गोष्ट. कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, मग दुखतं कोण? दुखतं ते कूर्चेखालचं हाड, सुजलेलं अस्तर, सांध्याचं आवरण, वाटीखालची चरबीची गादी. म्हणून एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. खूप झिजलेल्या गुडघ्यांनी रोज बाजारहाट करणारी माणसं मी पाहते, आणि जवळजवळ चांगला एक्स-रे हातात धरून रडणारीही पाहते. दोघांचंही खरं असतं.

गादी फाटली तर आपोआप भरून येते का? आणि लिगामेंट?

गुडघ्यात दोन गाद्या असतात, आतल्या बाजूची अर्धचंद्रासारखी आणि बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल. रक्तपुरवठा फक्त त्यांच्या बाहेरच्या कडेला असतो. कडेजवळची फाट भरून येऊ शकते, आतल्या भागातली सहसा नाही. पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये गादीची फाट दिसणं इतकं नेहमीचं आहे की केवळ रिपोर्ट वाचून ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या, मुख्य चार. दोन बाजूंना आणि दोन सांध्याच्या आत एकमेकींना छेदून जाणाऱ्या. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाय रोवलेला असताना शरीर वळलं की आतली पुढची लिगामेंट, एसीएल, तुटते. ‘कट्’ असा आवाज आणि काही तासांतच आलेली सूज ही तिची खूण. बाजूच्या लिगामेंट पट्टा आणि व्यायामाने बहुधा जुळतात, पण एसीएल पूर्ण तुटली तर टोकं परत जुळतील असा भरवसा नसतो. मात्र ज्याला मैदानावर परतायचं नाही, अशा काहींचं काम ऑपरेशनशिवाय मजबूत स्नायूंवर चालतं.

वाटीचा उपयोग काय? लहान बाळाला वाटी नसते हे खरं का?

विहिरीवरची कप्पी दोराला काठावर घासू देत नाही आणि ओढ योग्य दिशेला वळवते. वाटी मांडीच्या स्नायूसाठी हेच काम करते. ती स्नायूचा दोर सांध्यापासून थोडा पुढे धरते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत गुडघा जास्त जोराने सरळ होतो. हा दाब सोसायला वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर शरीरातली सर्वांत जाड कूर्चा असते.

बाळाला वाटी असते, पण ती कूर्चेची असते. तिच्यात हाड साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान तयार होऊ लागतं. म्हणून रांगत्या बाळाच्या एक्स-रेत ती दिसत नाही.

गुडघा दुखायला लागल्यापासून मांडी बारीक झालीय. वयामुळे का?

वय हे एकच कारण नाही. या संपूर्ण पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा मोठा स्नायू आहे, क्वाड्रिसेप्स. चारही भाग वाटीला येऊन मिळतात आणि त्यांना हुकूम येतो तो फिमोरल मज्जातंतूतून. गुडघ्याच्या आवरणात दाब आणि ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. सांध्यात पाणी झालं की ती टोकं मज्जारज्जूला सतत संदेश पाठवत राहतात आणि मज्जारज्जू या स्नायूला जाणारा हुकूमच दाबून धरतो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात निर्जंतुक खारं पाणी भरून हे तपासलेलं आहे. वेदना अजिबात नसताना, नुसत्या 20–30 मिलिलिटर पाण्याने क्वाड्रिसेप्सचा आतल्या बाजूचा भाग मंदावतो.

म्हणजे सुजलेल्या गुडघ्याचा माणूस मनापासून जोर लावतो, तरी स्नायू पुरता आवळत नाही. न वापरलेला स्नायू वाळतो. वाळलेला स्नायू धक्के पेलत नाही, ते सांध्यावर येतात, सूज वाढते, आणि हे चक्र फिरत राहतं. ‘आई व्यायाम करायला टाळाटाळ करतात’ असं सून किंवा मुलगा सांगतो तेव्हा मला त्या आईची बाजू घ्यावीशी वाटते. तिचा स्नायू तिचं ऐकत नाहीये, यात तिचा आळस नाही. आधी सूज उतरवायची, मग स्नायूला हळूहळू परत कामाला लावायचं.

मग सुरुवात कोणत्या व्यायामाने करावी?

पाय लांब करून बसा किंवा झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा आणि मांडी आवळून पाच-सहा सेकंद धरा, श्वास न रोखता. हात मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर ठेवा. तिथला फुगवटा बोटांना घट्ट लागला पाहिजे आणि वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. दोन्ही पायांची तुलना करा, दुखऱ्या पायातला फरक तुमच्याच हाताला कळेल. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे जमलं की पाय सरळ उचलणं, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली असेल तर प्रमाण कमी करा, बंद करू नका.

गड चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे बोलतात. असं का?

चढताना धाप लागते, पण क्वाड्रिसेप्स आखूड होत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत शरीराला ब्रेक लावतो, आणि हे काम त्याला जास्त जड जातं. त्यात सांध्यावरचा भारही वाढतो. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. सेन्सर बसवलेले कृत्रिम सांधे घातलेल्या माणसांमध्ये हे मोजलेलं आहे. साठ किलोचा माणूस सिंहगड उतरताना प्रत्येक पायरीला दोनशे किलोच्या आसपास भार पेलतो, असं समजा. काठी घ्या, पावलं लहान टाका, नागमोडी उतरा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते लॅक्टिक आम्लामुळे, असं अजूनही सांगितलं जातं. ते आम्ल तर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. लांब होताना ताणल्या गेलेल्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, त्यातून हे दुखणं येतं. ते 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. आठ-दहा दिवसांनी तोच गड पुन्हा केलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण स्नायू तेवढ्यात सरावलेला असतो.

स्नायू आखूड होतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

स्नायूच्या पेशीत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकाआड एक रचलेले असतात. मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलिन नावाचं निरोप्या रसायन बाहेर पडतं, पेशीत विद्युत लहर पसरते, कॅल्शियम मोकळं होतं आणि मायोसिनची डोकी अॅक्टिनला पकडून ओढतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. 1954 साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात हे मांडलं. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

पकड सोडवायलाही ऊर्जा लागते, हे विद्यार्थ्यांच्या हमखास लक्षातून सुटतं. मृत्यूनंतर ऊर्जेचा पुरवठा थांबतो, डोकी पकडलेल्या अवस्थेतच राहतात आणि शरीर ताठ होतं.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी का मारतात?

वाटीखालच्या दोराला टोला बसला की क्वाड्रिसेप्स क्षणभर ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. ती बातमी मज्जारज्जूत जाते, तिथे फक्त एका जोडावरून थेट स्नायूकडे परत हुकूम येतो आणि पाय उडतो. मेंदूला विचारलं जात नाही. टोल्यापासून स्नायू जागा होईपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो.

1875 मध्ये विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे नोंदवलं. वेस्टफाल यांना वाटत होतं की ही स्नायूचीच थेट प्रतिक्रिया आहे. यात मज्जारज्जूचा फेरा आहे, आणि क्वाड्रिसेप्स आवळताना मागचा स्नायू त्याच वेळी सैल सोडला जातो, हे पुढे चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलं. त्यांना 1932 चं नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्याबरोबर विभागून मिळालं.

पाय उडालाच नाही तर कमरेतल्या तिसऱ्या-चौथ्या मज्जातंतूच्या मुळाकडे बघावं लागतं. फारच जोराने उडाला तर मेंदू किंवा मज्जारज्जूकडे, उदाहरणार्थ पक्षाघातानंतर. ‘हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढा’ असं डॉक्टर सांगतात ते तुमचं लक्ष वळवायला आणि प्रतिसाद ठळक करायला. काही निरोगी माणसांचा पाय तरीही फारसा उडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना जास्त महत्त्वाची.

मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या का येतात?

मज्जातंतू दाबला जातो आणि त्याचा रक्तपुरवठाही तात्पुरता अडतो. दाब सुटला की तो परत संदेश पाठवू लागतो, सुरुवातीला अस्ताव्यस्त, त्याच मुंग्या. काही मिनिटांत जातात, काळजी नको.

बसण्याशी संबंध नसताना दोन्ही तळव्यांना सतत मुंग्या येत असतील, जमीन कापसासारखी लागत असेल, तर ते वेगळं. साखर आणि बी-12 तपासून घ्या. मधुमेहात सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास सापडते.

पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. गुडघ्याशी याचा संबंध आहे का?

आहे. फिब्युलाच्या मानेला वळसा घालणारा मज्जातंतू तो हाच, कॉमन पेरोनियल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, तो कातडीखाली जवळजवळ उघडा असतो. घट्ट प्लास्टर, तिथे लागलेला मार, तासन्‌तास उकिडवं बसून केलेली निंदणी किंवा फरशीचं काम, यांनी तो दबतो आणि पाऊल लोंबतं.

कुष्ठरोगातही हा मज्जातंतू जाड होतो. महाराष्ट्रात हा आजार अजून आहे. अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल आणि पाऊल उचलत नसेल तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर जंतू मरतात, पण गेलेली संवेदना परत येईलच असं नाही.

दबलेला किंवा तुटलेला मज्जातंतू पुन्हा जुळतो का?

हातापायांतला जुळू शकतो. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. गुडघ्यापाशी इजा झाली आणि पाऊल तिथून तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब असेल, तर वर्षभर धीर धरावा लागणार हे उघड आहे. नुसता दबलेला, न तुटलेला मज्जातंतू आठवड्यांतही सुधारतो. तोवर पावलाला आधार देणारा पट्टा वापरायचा, म्हणजे घोटा आखडत नाही. मज्जारज्जूतले तंतू मात्र असे परत वाढत नाहीत.

गुडघा दुखतोय सांगितलं, तर डॉक्टर खुबा का तपासतात?

कारण एकच मज्जातंतू दोन्ही सांध्यांना शाखा देतो. खुब्याचा त्रास ऑब्च्युरेटर मज्जातंतूच्या वाटेने गुडघ्यात जाणवतो. सांध्याला आणि तो हलवणाऱ्या स्नायूंना सहसा तेच मज्जातंतू असतात, हे इंग्लंडचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी 1860 च्या दशकात मांडलं. लंगडणारं मूल ‘गुडघा दुखतो’ म्हणालं आणि गुडघ्यात काहीच सापडलं नाही, तर त्याचा खुबा तपासल्याशिवाय घरी आणू नका.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का?

नाही. सांधा ओढला की आतल्या द्रवातला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. गुडघा न दुखता नुसताच वाजत असेल तर त्याचीही चिंता नको.

रात्री पोटरीत गोळा येतो, काय करू?

पायाचा अंगठा धरून पाऊल गुडघ्याकडे ओढा, गोळा सुटतो. झोपण्यापूर्वी पोटरी ताणायची सवय लावा. फार वारंवार येत असेल तर चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि सतत दुखणं असेल तर तो गोळा नसून रक्ताची गुठळी असू शकते. ती त्याच दिवशी तपासावी लागते.

खाली बसणं बंद करू का?

दुखत नसेल तर मुळीच नको. खाली बसून उठण्याने खुबा, गुडघा आणि घोटा या तिघांचीही पूर्ण हालचाल टिकते आणि मांडीला काम मिळतं. दुखत असेल तर वाटीमागचा दाब वाढवणारं खोल वाकणं, म्हणजे वज्रासन, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, हे सूज उतरेपर्यंत थांबवा. पंक्तीत सगळे खाली बसलेत म्हणून ओढूनताणून बसू नका, खुर्ची मागा. सांधेबदलानंतर किती वाकवायचं हे सांध्याच्या प्रकारावर आणि सर्जनवर अवलंबून असतं, त्यांनाच विचारा.

ताबडतोब डॉक्टरकडे कधी जावं?

गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. दुखापतीनंतर पायावर भार देता येत नसेल किंवा गुडघा अडकून सरळच होत नसेल. पाऊल अचानक लोंबू लागलं. आणि कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मज्जातंतूंचा संपूर्ण जुडगाच दाबला गेलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. यांपैकी काहीही असेल तर मालिश, शेक, लेप यांत रात्र घालवू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि लघवीचा त्रास असेल तर तो सर्वांत आधी सांगा.